पाटावर बसलेली अक्षरं

अवघ्या वऱ्हाडात छापलेला कागद हाती आल्यावर तो न वाचता नुसता बघणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका माझ्या मावशीचा नवरा निघाला. लग्नाची पत्रिका असो, कोर्टाची नोटीस असो, पंचांग असो की खरजेच्या मलमाच्या डबीवरचा कागद असो, मावसाजी तो आधी हातभर लांब धरत, मग नाकाला लावत, मग आडवा करून डोळ्यांच्या रेषेत आणत, आणि एवढं झाल्यावर "शाई पातळ हाये" किंवा "ह्या ग ची मान मोडली" असा निकाल देऊन परत करत. त्यात लिहिलंय काय, असं विचारलं की ते खरोखर गोंधळत. नागपूरच्या एका नातेवाइकाकडून आलेली मुंजीची पत्रिका त्यांनी आठवडाभर उशाशी ठेवली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला तिच्यातली अक्षरं दाखवून झाली. मुंज होऊन गेल्यावर मावशीने विचारलं तेव्हा म्हणाले, "मुंज होती काय? मले वाटलं लगीन हाये."

मी तेव्हा वकिलीची सनद नुकतीच खिशात घालून बुलढाण्याला आलो होतो. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं, हुकूम नागपूरहून यायचे, आणि कचेरी, कोर्ट, डेप्युटी कमिशनरसाहेबाचा बंगला हे सगळं या पठारावर थंड हवेला येऊन बसलेलं. पक्षकार मात्र घाट चढून माझ्यापर्यंत पोचत नव्हते. म्हणून मी दुपारभर कोर्टाच्या रस्त्यावरच्या मावसाजींच्या छापखान्यात बसे आणि दोन्ही वेळा मागच्या घरात मावशीच्या हातचं जेवे. माझी इंग्रजी व्हिजिटिंग कार्डं मावसाजींनीच छापून दिली. नाव मोठं झोकदार, आणि त्याखाली 'प्लीडर' हा शब्द मुंगीएवढा. मी तक्रार केली, तर म्हणाले, "कामं येऊ दे बे, मंग मोठा करू. खिळे काय पळून चालले?"

खिळे म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं. त्या कार्डाचे खिळे साधे नव्हते. नागपूरचा एक इंग्रजी छापखाना बंद पडला तेव्हा मावसाजी तिथे मराठी खिळे पाहायला म्हणून गेले, आणि एका कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या इंग्रजी खिळ्यांच्या प्रेमात पडून परत आले. मलकापूरपर्यंत रेल्वे आणि पुढे घाट चढून बंडी, असा त्या खिळ्यांचा प्रवास झाला. पेट्यांखाली मावशीच्या दोन गोधड्या होत्या. बंडीवाल्याला बजावलेलं होतं, "बैल पळवू नको. बंडीत बाळंतीण हाये असं समज." तरीही घाटातल्या प्रत्येक दगडापाशी मावसाजी चाकाला हात लावायला खाली उतरत होते. शेवटी चढायचं सोडून ते चालतच आले. बंडीवाला मावशीला म्हणाला, "बाई, तुमचे मालक घाट पायानं चढले अन् शिशाचे तुकडे गादीवर बसून आले."

या अक्षरांत असं होतं तरी काय? मला पहिले काही महिने काही दिसलं नाही. मग रोज ऐकून ऐकून दिसायला लागलं. उभी रेघ खांबासारखी जाड आणि आडवी रेघ केसासारखी बारीक. जाडीतून बारकीकडे हळूहळू उतरणं वगैरे काही नाही; खांब संपला की लगेच केस. ज्या अक्षराला वळून संपायचं असे, त्याच्या टोकाला एक गोल थेंब, त्याला मावसाजी टिकली म्हणत. आणि प्रत्येक खांबाच्या पायाखाली एक बारीक सपाट पट्टी. या पट्टीला त्यांनी नाव ठेवलं होतं पाट. "आपले मराठी अक्षरं दांडीले लटकतेत," ते सांगत, "धोतर वाळू घातल्यावानी. अन् हे पाह्य, हे पाटावर बसतेत. जेवाले बसलेल्या मानसासारखे. घाई नाही, गडबड नाही." इंग्रजी भाषा त्यांना येत नव्हती. अक्षरं तेवढी येत, तीही खिळ्यावर असतात तशी उलटी. ओळीच्या ओळी ते अचूक जुळवत, आणि त्या ओळीत कोणाचं लग्न आहे की कोणाची बदली, हे मला विचारत.

पाटाचं हे वेड कागदावरच राहिलं असतं तर बरं होतं. पण मावसाजी कुठल्याही पंगतीला गेले की जेवायला बसण्याआधी एका टोकाशी जाऊन उकिडवे होत, एक डोळा मिटत, आणि पाटांची रांग बघत. मग मधल्याच कुणाला उठवून त्याचा पाट चार बोटं सरकवत. त्यांचं म्हणणं, दोन अक्षरांमध्ये आणि दोन माणसांमध्ये उजेड सारखा पडला पाहिजे. एकदा त्यांनी वाढप थांबवून अख्खी रांग मागे घ्यायला लावली, कारण तिसऱ्या पाटावर बसलेले शिरस्तेदार जरा जास्त रुंद होते. शिरस्तेदार भला माणूस. पाट हातात घेऊन निमूट उभा राहिला. आमच्याकडच्या लोकांना हे सवयीचं झालं होतं. नवखा पाहुणा दिसला की कोणीतरी त्याच्या कानात सांगे, "उठा थोडंसं. छापखानेवाले हायेत, करू द्या त्यांले."

या अक्षरांनी काय छापायचं आणि काय नाही, याचा मावसाजींचा कायदा पिनल कोडाहून कडक होता. लग्न, बारसं, दुकानाचं उद्घाटन, मास्तरांच्या निरोपाचं मानपत्र, साहेबलोकांच्या क्लबातला चहा, हे चालेल. जप्ती, लिलाव, समन्स, खरजेचं मलम आणि मरणाची बातमी हे चालणार नाही. कचेरीचा नाझर एकदा लिलावाची इंग्रजी नोटीस घेऊन आला आणि म्हणाला, तेच सुरेख टाइप लावा, साहेब खूष होतील. मावसाजी म्हणाले, "ज्याचे बैल विकाले काढले, त्याच्या दारावर नखरा नाही लावत आपण." नोटीस साध्या झिजक्या टाइपात निघाली. धामणगाव बढ्याच्या शेख सेठांना तर त्यांनी सरळ परत पाठवलं. सेठ सरकी आणि ढेप विकत, आणि त्यांना इंग्रजीत हँडबिल हवं होतं. "सरकीले हे अक्षर नाही शोभत, सेठ." सेठ हसून गेले. पुढच्या वर्षी परत आले, ओट्यावर बसले, रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, "अब तो लगाओ, भाऊसाब. कपडे का दुकान डाला है. मलमल बेचता हूँ." ते हँडबिल मावसाजींनी चार वेळा प्रूफ काढून छापलं. सेठांनी सरकीचा धंदा या अक्षरांपायी बदलला असं मावसाजी शेवटपर्यंत मानत, आणि मला त्यांचं मत खोडून काढायची हिंमत झाली नाही.

केसाएवढ्या रेघेचं एक दुखणं असतं. शिसं मऊ. जरा दाब जास्त पडला, जरा खिळा हातातून निसटला, की पाट तुटला किंवा आडवी रेघ गेली. मोडका खिळा वितळवायचा, ही साऱ्या छापखान्यांची रीत. मावसाजी तो आपल्या जुन्या पानाच्या डब्यात ठेवत. मराठी खिळे खुशाल वितळवणारा हा माणूस या खिळ्यांच्या बाबतीत हळवा होता. "घाट चढून आलेत ते," एवढंच म्हणे.

आणि मग एक दिवस त्यांनी जाहीर केलं की मराठीलाही पाटावर बसवायचं. म्हणजे काना खांबासारखा जाड, शिरोरेघ केसासारखी, आणि कान्याच्या पायाखाली पाट. असं अक्षर कुठे मिळत नव्हतं, तेव्हा आपणच करायचं. मी म्हटलं, मराठी शिरोरेघेला जाडी लागते, डोक्यावरचं छप्पर आहे ते. ते म्हणाले, "छप्पर जाड असलं म्हनजे घर मोठं होते काय?" मावसाजींनी एकदा ठरवलं की ठरवलं. त्यांनी पाटीवर अक्षरं काढायला घेतली आणि पुढची चार वर्षं ती पाटी भिंतीवर परत गेली नाही.

नव्या अक्षराचे साचे करून शिसं ओतायची सोय बुलढाण्यात नव्हती, म्हणून पितळेत कोरायचं ठरलं आणि उस्मानभाई कामाला लागले. उस्मानभाई ठसे कोरत. पाटलांचे शिक्के, कचेरीच्या मोहरा, लग्नातल्या भांड्यांवरची नावं, सगळं त्यांच्या हातचं. उलटं कोरायची त्यांना सवय आणि उलटं वाचायची मावसाजींना, त्यामुळे दोघं समोरासमोर बसून अशा गोष्टींवर भांडत की तिसऱ्याला अक्षर कोणतं तेही कळत नसे. शिरोरेघेचं भांडण सगळ्यात लांबलं. प्रत्येक खिळ्यावर शिरोरेघेचा आपला तुकडा. खिळे शेजारी ठेवले की तुकड्यांमध्ये सांधा दिसायचा. जाड रेघेत तो दडतो, केसाएवढ्या रेघेत ओरडून सांगतो. उस्मानभाई म्हणाले, "पूरा शब्दच एका पट्टीवर कोरून देतो. सांधाच नाही मंग." मावसाजींनी मान हलवली. "मंग तो ठसा झाला, उस्मान. खिळा म्हनजे ज्याले काढता येते, दुसऱ्याच्या शेजारी बसवता येते." उस्मानभाईंनी एक उसासा टाकला आणि कानस उचलली. कडा घासून घासून त्यांनी ते सांधे मिटवत आणले, एकेक अक्षराला एकेक आठवडा देऊन.

द ने तर दोघांचा जीव खाल्ला. द ला पाय नाही. शेपटी खाली लोंबते. मग पाट ठेवायचा कशाखाली? आणि द सोडून देता येत नव्हता, कारण मावसाजींच्या एकुलत्या एका मुलीचं नाव सुनंदा. उस्मानभाईंनी सुचवलं, "दा मधे बाजूले काना उभाच हाये. त्याच्याच पाटावर बसव ना."

"दुसऱ्याच्या पाटावर?" मावसाजींनी असं काही पाहिलं की उस्मानभाईंनी समोरची पाटी पुसायला घेतली. पंधरा दिवसांनी तोड निघाली. ज्याला पाय नाही त्याला टिकली. द च्या शेपटीला, र च्या टोकाला गोल थेंब आला आणि ती अक्षरं एकदम तोल सावरून उभी राहिली. पहिलं प्रूफ मावशीला दाखवलं. मावशीचं वाचन देवाच्या पोथीपुरतं. तिने कागद बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "अक्षरं वहाना घालून काऊन आले?"

सुनंदाचं लग्न जानेफळच्या एका शेतकरी घराण्यात ठरलं. मुलगा शिकलेला, घर खातंपितं, माणसं सरळ. बोलणी झाली तेव्हा देण्याघेण्याचं सगळं माझ्या मामाने ठरवलं, आणि मावसाजींनी फक्त एकच गोष्ट मागितली. पत्रिका ते छापतील, आणि मुलामुलीची नावं त्यांच्या स्वतःच्या अक्षरात असतील. व्याही म्हणाले, "छापा ना. आमचा गोतावळा सात गावांत हाये, येळेवर भेटल्या म्हनजे झालं." त्यासाठीच ही चार वर्षं होती, हे मला तेव्हा कळलं. मावसाजी म्हणाले, "पोरगी जाईन तं माह्या अक्षरात जाईन." हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या काळात काही गोष्टी माझ्या नजरेत यायला हव्या होत्या. मावसाजी प्रूफ घेऊन दारात, उन्हात जायला लागले होते. शाईवाल्याला शिव्या वाढल्या होत्या. जिना उतरताना ते भिंतीला हात लावत, आणि त्यांच्या पानाच्या डब्यात मोडके इंग्रजी खिळे फार भराभर जमत होते. एका दुपारी ते जेवायला आत गेले असताना मी सहज तो डबा उघडला आणि एकेक खिळा उजेडात धरून पाहिला. निम्म्याहून जास्त खिळे धडधाकट होते. पाट जागेवर, बारीक रेघ जागेवर, कुठे ओरखडासुद्धा नाही. हातात तो चांगला खिळा धरून मी बसून राहिलो. रेघा मोडलेल्या नव्हत्याच. मावसाजींना बारीक रेघ दिसेनाशी झाली होती, आणि दिसत नाही म्हणजे तुटली, असं समजून ते चांगली अक्षरं एकेक करून डब्यात टाकत होते. मी डबा मिटला आणि कोणाला काही बोललो नाही. यात भित्रेपणा होता, तो मी आज मान्य करतो.

पत्रिका छापायच्या दिवशी जानेफळचे व्याही स्वतः न्यायला आले होते. दुपारच्या मोटारीने मेहकरकडे निघायचं, म्हणून ते सकाळपासूनच ओट्यावर बसले होते, पागोटं गुडघ्यावर ठेवून. खालचा मजकूर आधीच छापून झाला होता. वरची दोन नावं तेवढी पितळी अक्षरांत उरली होती. मावसाजींनी स्वतः खिळे लावले, शाई घातली, पायाने चालवायच्या ट्रेडल यंत्रावर पाय ठेवला आणि पहिला कागद काढला. उस्मानभाईंनी आणि मी एकाच वेळी श्वास सोडला. इतकं सुरेख मराठी अक्षर मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. काने ताठ, टिकल्या टपोऱ्या, आणि त्यांच्यावरून गेलेली एक रेघ, जेमतेम असलेली, पण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड.

मावसाजींनी कागद नाकाशी नेला, दारात नेला, परत आणला. "शिरोरेघ उठली नाही," ते म्हणाले.

"उठली की, भाऊसाब," उस्मानभाई म्हणाले. "साफ हाये."

"मले दिसून नाही राह्यली ते." त्यांनी मागे कागदाचा आणखी एक ताव सारला. ट्रेडलवर दाब वाढवायचा तर असेच ताव सारतात. दुसरा कागद निघाला. "नाही उठली." आणखी एक ताव. तिसरा कागद, चौथा कागद. शिशाची अक्षरं असती तर दुसऱ्याच दाबाला चिरडली असती. उस्मानभाईंचं पितळ होतं म्हणून टिकलं. अक्षरं आता कागदात रुतत होती आणि मावसाजींच्या कपाळावर घाम आला होता. मी उस्मानभाईंकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलेलं होतं, बहुतेक माझ्याही आधी. पण समोर व्याही बसलेले. मुलीच्या बापाला त्याच्या व्याह्यासमोर, लग्नाच्या तोंडावर, तुमचे डोळे गेलेत असं कोण सांगणार? रीतच नव्हे ती. आम्ही दोघं मोठे बाप्ये निघालेले कागद उचलून रचत राहिलो, आणि मावसाजी ताव सारत राहिले.

शेवटी त्यांनी पाय ट्रेडलवरून काढला. या माणसाला मी हट्टात, रागात, उपाशी, सगळ्या तऱ्हांनी पाहिलं होतं, पण असा पडलेला चेहरा पाहिला नव्हता. "काढ हे खिळे, उस्मान," ते म्हणाले. "साधे लावू. आपल्याच्यानं नाही झालं. इतकी बारीक रेघ मराठीले झेपत नाही, मी उगाच हट धरला."

उस्मानभाई जागचे हलले नाहीत. तेवढ्यात आतून मावशी डोक्यावरचा पदर सावरत चहा घेऊन आली. व्याह्यांना कप दिला आणि टेबलावर कप ठेवायला जागा करावी म्हणून तिने वरची पत्रिका उचलली. तिचा हात कागदाच्या पाठीवर गेला. "इतकं काऊन दाबलं हो?" ती म्हणाली. "पाठीवर वळ उठले बिचारीच्या."

मावसाजींनी तिच्या हातून कागद घेतला. पालटला. पाठीमागे अक्षरं फुगून वर आली होती, आणि पाठीमागून असल्यामुळे ती उलटी होती. म्हणजे खिळ्यावर असतात अगदी तशी. जन्मभर जी अक्षरं त्यांनी उलटी चाचपली, तीच. त्यांनी उजव्या टोकाला बोट ठेवलं आणि हळूहळू डावीकडे नेलं. सु, नं, मग दा. द च्या टिकलीवर बोट क्षणभर थांबलं. मग ते बोट वर सरकलं आणि नावाच्या माथ्यावरून, नखाच्या टोकाने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं. परत गेलं. तिसऱ्यांदा गेलं. त्यांचा चेहरा आधी उजळला, आणि मग त्यांना दुसरी गोष्टही कळली, तेही मला दिसलं. रेघ होती. पहिल्या कागदापासून होती.

त्यांनी कागद खाली ठेवला, धोतराच्या सोग्याने बोट पुसलं आणि उस्मानभाईंच्या जवळ जाऊन हळूच म्हणाले, "खिळे एक नंबर हायेत, उस्मान. मानूस घासला."

ओट्यावरच्या व्याह्यांना ते ऐकू गेलं असावं. शेतकरी माणूस, चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसलेला. त्यांनी त्यातली एक पत्रिका उचलली, पाठीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "इवाई, ह्या अशाच दाबून छापा. आमची माय डोयानं अधू हाये. तिले वाचता बी येत नाही. पन नातवाच्या लग्नाचा कागद हातात देला तं बोटाले काहीतरी लागन म्हाताऱ्याले... म्हातारीले." जीभ अडखळली तेव्हा त्यांची नजर मावसाजींवर होती. मग ते चहा पिऊ लागले. मावसाजींनी त्यांना हात जोडले आणि ट्रेडलवर पाय ठेवला. दुपारच्या मोटारीआधी सगळ्या पत्रिका निघाल्या. एकेक कागद ते डोळ्यांनी पाहत नव्हते. पाठीवरून अंगठा फिरवत आणि बाजूला ठेवत.

लग्न थाटात झालं. पंगतीत मावसाजींनी पाटांची रांग पाहिली नाही, हे पहिल्यांदाच घडलं. ते वाकलेच नाहीत. मग उस्मानभाई आपणहून टोकाशी जाऊन उकिडवे बसले, एक डोळा मिटला, आणि मधल्या एकाला उठवून त्याचा पाट चार बोटं सरकवला. मावसाजींनी विचारलं, "झाली का सरळ?" उस्मानभाई म्हणाले, "झाली."

सुनंदा सासरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मावसाजी पानाचा डबा घेऊन बसले. एकेक इंग्रजी खिळा उचलायचा, अंगठ्याचं नख पाटावरून फिरवायचं, रेघेवरून फिरवायचं. मोडका परत डब्यात. धड असेल तो माझ्या हातात, आणि मी तो त्याच्या खणात टाकायचा. "चाल, नोकरीवर जा," प्रत्येकाला म्हणायचे. मी त्यांना सांगितलं की हा डबा मी आधीच पाहिला होता. ते म्हणाले, "माह्यित हाये मले. झाकन उलटं लावलं होतं तू." तेवढंच. पुढे एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, जाड भिंगाचा चष्मा आला, माणसं ओळखू येऊ लागली, पण बारीक रेघ काही परत आली नाही. छापखाना त्यांनी नखावर चालवला. 'पाठीवर लागणारी पत्रिका' मागायला लोक पार मोताळ्याहून, मेहकरहून येत, आणि बुलढाण्यात कोणाकडे पत्रिका गेली की माणूस ती आधी पालटून बघे. मावसाजींची सगळ्या जिल्ह्याला एकच सवय लागली, आणि ती न वाचता बघायची.

ते गेले तेव्हा कार्डं छापायची वेळ आली. मी उस्मानभाईंना म्हटलं, नाव तरी त्यांच्या अक्षरांत असू द्या. उस्मानभाईंचे डोळे वाहत होते, पण त्यांनी मान हलवली. "मरनाच्या खबरीले ते अक्षर नाही चालत. भाऊसाबचा कायदा हाये." मावशीनेही तेच म्हटलं. कार्डं साध्या झिजक्या टाइपात निघाली.

आता माझंही वय झालं. वर्तमानपत्र उघडलं की मला नुसते उभे खांब दिसतात, मधलं काही दिसत नाही, आणि मी शाईला नावं ठेवतो. परवा जुन्या कागदांत सुनंदाच्या लग्नाची पत्रिका सापडली. समोरून शाई पार विटली आहे. मी ती पालटली आणि बोट ठेवलं. डावीकडून सुरू केलं तर काही लागेना, मग आठवलं की ती उलटी आहे, उजवीकडून जायचं. नावाच्या माथ्यावरून नख नेलं. रेघ लागली, आणि सु पासून दा पर्यंत तिच्यात सांधा कुठेच आला नाही. हे जाऊन सांगावं, तर ज्यांना सांगायचं त्या दोघांपैकी आता कोणी नाही.